‘रोबोटने करू का?’ हा चौथा प्रश्न आहे



इथे आपण सगळे सुरतेच्या जुन्या आठवणी लिहितो. कोणी उधन्याच्या दहा बाय दहाच्या खोल्यांवर लिहितं, कोणी भुसावळ पॅसेंजरच्या गर्दीवर, कोणी २००६ च्या पुरावर. मीही लिहिलंय. आज मात्र आपल्यातले पुरुष ज्या विषयावर तोंड उघडत नाहीत, त्यावर लिहिणार आहे. प्रोस्टेटचा कॅन्सर आणि त्याचं रोबोटने होणारं ऑपरेशन. पोस्ट लांबली आहे, पण साठीच्या आसपासच्या प्रत्येकाने वाचावी. घरातल्या बायकांनी तर जरूर वाचावी, कारण रिपोर्टची पिशवी शेवटी त्याच सांभाळतात.

लिहायचं कारण सांगतो. माझं हे ऑपरेशन होऊन तीन वर्षं झाली. गेल्या दीड वर्षात आपल्या समाजातल्या तिघांनी मला गाठून एकच प्रश्न विचारला, ‘तुमचं रोबोटने झालं ना? मग आम्हीबी रोबोटनेच करू का?’ एक लिंबायतचे, एक डिंडोलीचे, आणि तिसरे नवागामचे, माझ्या साडूचे व्याही. तिघांकडे जाडजूड फाइल होती. पण आपला आजार कोणत्या टप्प्यावर आहे, हे तिघांपैकी एकालाही सांगता आलं नाही. व्याहीबुवा तर शिंदखेड्याकडची दोन एकर जमीन विकायला निघाले होते.

माझं स्पष्ट मत आहे, ‘रोबोटने करू का?’ हा चौथा प्रश्न आहे. त्याच्याआधी तीन प्रश्न येतात. ते न विचारता जो थेट चौथ्यावर उडी मारतो, तो पैसेही घालवतो आणि नंतर घरात तोंड लपवून बसतो.

मी डॉक्टर नाही. एकोणऐंशी साली धुळे जिल्ह्यातून आलो, उधन्यात लूमच्या खात्यात हेल्पर लागलो, पुढे फिटर झालो, आणि शेवटची पंधरा वर्षं एम्ब्रॉयडरीच्या मशीनची देखभाल केली. म्हणजे माणसाच्या पोटातलं मला फार कळत नाही, पण मशीन आणि मशीन चालवणारा यांच्यातला फरक चांगला कळतो. बाकीचं आजारपणात डॉक्टरांना विचारून आणि मुलाकडून वाचून घेऊन शिकलो.

आधी हे मशीन काय आहे ते बघू. ‘रोबोट’ म्हटलं की आपल्याला वाटतं, पेशंटला टेबलावर झोपवलं, बटण दाबलं आणि मशीनने गाठ काढून दिली. एम्ब्रॉयडरीचं मशीन तसं चालतं. डिझाइन पेन ड्राइव्हवर घ्यायचं, फ्रेम लावायची, चालू करायचं. मग धागा तुटेपर्यंत कारागीर चहा पिऊन येऊ शकतो. ऑपरेशनच्या रोबोटमध्ये असलं डिझाइन भरलेलं नसतं. पोटावर पाच-सहा छोटी छिद्रं पाडून, पोटात वायू भरून, कॅमेरा आणि बारीक हत्यारं आत घालतात. ती हत्यारं मशीनच्या हातांना जोडलेली असतात. डॉक्टर त्याच खोलीत, थोडं बाजूला एका कन्सोलवर बसतात, आतलं चित्र दहापट मोठं आणि खोलीसकट बघतात, आणि बोटांनी ते हात हलवतात. डॉक्टरांचा हात थांबला की मशीनचा हात थांबतो. मशीनची मदत एवढीच, की हाताची थरथर गाळली जाते आणि हत्यार मनगटासारखं वळतं, म्हणून अडचणीच्या जागी टाका घालणं सोपं होतं. आणि प्रोस्टेटची जागा अडचणीचीच. मूत्राशयाच्या खाली, ओटीपोटाच्या हाडाआड, अक्रोडाएवढी ग्रंथी. तिच्या मधून लघवीची नळी जाते, आणि दोन्ही बाजूंना चिकटून बारीक नसा असतात, ज्यांच्यावर पुरुषाचा ताठरपणा अवलंबून असतो.

‘दा विंची’ नावाचं हे मशीन अमेरिकेत २००० साली मंजूर झालं. दिल्लीच्या एम्समध्ये २००६ साली त्यावर प्रोस्टेटची ऑपरेशनं सुरू झाली. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये २०१४ साली रोबोट आला. आपल्या अहमदाबादच्या सिव्हिलच्या आवारातल्या किडनी इन्स्टिट्यूटमध्ये रोबोटने मूत्रपिंडाचं प्रत्यारोपण होतं. आता तर गुरुग्रामला बनलेलं ‘मंत्रा’ नावाचं भारतीय मशीनही काही हॉस्पिटलांमध्ये आहे. म्हणजे ही काही जादू राहिलेली नाही, आणि फसवणूकही नाही. हत्यार चांगलं आहे. पण ते हत्यार आहे.

आता पहिला प्रश्न. मला नक्की काय झालंय, आणि ऑपरेशनची गरज आहे का?

आपल्याकडे सगळ्यात मोठा गोंधळ इथेच होतो. वय वाढलं की प्रोस्टेट फुगते, लघवीला जोर लावावा लागतो, रात्री चार वेळा उठावं लागतं. हा बहुतेकदा कॅन्सर नसतो. त्याचं जे ‘दुर्बिणीचं’ किंवा लेझरचं ऑपरेशन करतात, ते लघवीच्या वाटेने होतं आणि त्यात ग्रंथीचा फक्त आतला भाग काढतात. कॅन्सरचं ऑपरेशन वेगळं. त्यात पूर्ण ग्रंथी काढतात आणि मूत्राशय परत लघवीच्या नळीला शिवतात. त्यामुळे चहाच्या टपरीवर कोणी ‘माझं प्रोस्टेटचं झालं, तिसऱ्या दिवशी कामावर गेलो’ असं सांगितलं, तर आधी विचारा, कोणतं ऑपरेशन?

रक्तातला पीएसए वाढला म्हणजे कॅन्सर झालाच असंही नाही. लघवीच्या संसर्गाने वाढतो, नुसत्या फुगलेल्या ग्रंथीनेही वाढतो. कॅन्सरचं निदान बायोप्सीने होतं. त्या रिपोर्टमध्ये ‘ग्लीसन’ म्हणून एक आकडा असतो, आणि हल्ली सोबत १ ते ५ असा गटही लिहितात. हा आकडा पाठ करा. सहा आणि नऊ यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. त्याच्या जोडीला एमआरआय आणि गरजेप्रमाणे हाडांचा किंवा पूर्ण शरीराचा स्कॅन. हे तिन्ही समोर ठेवल्याशिवाय ऑपरेशनची तारीख घेऊ नका.

कारण प्रत्येक प्रोस्टेट कॅन्सरला चाकू लागत नाही. ब्रिटनमध्ये एक मोठा अभ्यास झाला, ‘प्रोटेक्ट’ नावाचा. ग्रंथीच्या आतच असलेला, रक्ततपासणीत सापडलेला कॅन्सर असलेल्या १,६४३ माणसांचे चिठ्ठ्या टाकून तीन गट केले. एकावर फक्त नियमित नजर ठेवली, दुसऱ्याचं ऑपरेशन, तिसऱ्याला रेडिएशन, ज्याला आपण ‘शेक’ म्हणतो. पंधरा वर्षांनंतरचा निकाल २०२३ साली आला. या आजाराने एकूण ४५ माणसं गेली, म्हणजे शंभरात तीनपेक्षा कमी, आणि तिन्ही गटांत त्यात म्हणण्यासारखा फरक नव्हता. मात्र नुसती नजर ठेवलेल्यांमध्ये आजार दुसरीकडे पसरण्याचं प्रमाण जवळपास दुप्पट होतं, शंभरात नऊ, तर बाकीच्या दोन गटांत शंभरात पाच. आणि नजर ठेवलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त लोकांना पंधरा वर्षांत कधी ना कधी ऑपरेशन किंवा शेक घ्यावाच लागला. म्हणून ‘काही करू नका’ असं मी म्हणत नाही. म्हणणं एवढंच, की सौम्य आजारात विचार करायला महिना-दोन महिने हातात असतात. ‘उद्याच दाखल व्हा’ असं कोणी म्हटलं, तर का, ते विचारा.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आपल्याकडे माणूस पुष्कळदा फार उशिरा डॉक्टरकडे जातो. कंबर दुखते म्हणून सहा महिने तेल चोळतो आणि मग हाडात पसरलेला आजार सापडतो. तिथे मुख्य उपचार हॉर्मोन दाबण्याचा असतो, इंजेक्शन-गोळ्यांनी किंवा अंडकोष काढण्याच्या छोट्या ऑपरेशनने. अशा वेळी कितीही भारी रोबोट असला तरी तो सहसा त्याचं काम नसतं. डिंडोलीच्या भाऊंचं हेच होतं. त्यांच्या मुलाने रोबोटसाठी कर्जाची चौकशी करून ठेवली होती. स्कॅन झाल्यावर डॉक्टरांनी इंजेक्शन सुरू केलं. आज भाऊ काठी न घेता चालतात.

दुसरा प्रश्न. हात कोणाचा?

आपल्या सुरतेत हे कोणाला समजावून सांगायला नको. एकाच कंपनीची, एकाच साली आलेली दोन रॅपियर लूम, एकाच बीमचा धागा. एका मास्टरच्या हाताखाली ताका डागाशिवाय निघतो, दुसऱ्याच्या हाताखाली प्रत्येक दहा मीटरला फॉल्ट. शेठ मशीन बदलत नाही, मास्टर बदलतो. हिऱ्याच्या घंटीवरही तेच आहे. पण तोच माणूस हॉस्पिटलात गेला की मशीनचं नाव विचारतो आणि मास्टरचं विचारत नाही.

याला आकडे आहेत. अमेरिकेतल्या चार केंद्रांत पोट उघडून प्रोस्टेट काढणाऱ्या ७२ सर्जनांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. ज्या सर्जनचा अनुभव दहा ऑपरेशनांचा होता, त्याच्या पेशंटमध्ये पाच वर्षांत पीएसए परत वाढण्याची शक्यता शंभरात जवळपास अठरा होती. अडीचशे ऑपरेशनांचा अनुभव असलेल्याच्या पेशंटमध्ये ती अकराच्या खाली आली. चाकू तोच, फरक हाताचा.

आणि रोबोट विरुद्ध उघडं ऑपरेशन? ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला याचीही रीतसर तुलना झाली. ३२६ माणसं, पुन्हा चिठ्ठ्या टाकून दोन गट. उघडं ऑपरेशन करणारे सर्जन दीड हजारांच्या वर ऑपरेशनं केलेले, रोबोटवाले दोनशेच्या वर केलेले. रोबोटच्या गटात रक्त बरंच कमी गेलं आणि सुरुवातीचं दुखणंही कमी होतं. पण लघवीवरचा ताबा आणि लैंगिक क्षमता यांत तीन महिन्यांनीही फरक दिसला नाही आणि दोन वर्षांनीही नाही. आता याचा अर्थ दोन्ही बाजूंनी लावता येतो. कमी अनुभवाचा सर्जन रोबोटवर जुन्या जाणत्याची बरोबरी करू शकला, ही रोबोटची ताकद आहे. आणि जाणत्या हाताने केलेलं उघडं ऑपरेशन या दोन बाबतींत कमी पडलं नाही, हेही तितकंच खरं. त्या नसा वाचवायची रीत रोबोटच्या कितीतरी आधी, १९८२ साली, अमेरिकेतल्या डॉ. पॅट्रिक वॉल्श यांनी उघड्या ऑपरेशनमध्येच बसवली होती.

तिसरा प्रश्न. नंतर माझं काय होणार?

इथे आपली पुरुष मंडळी खाली बघायला लागतात. मी सरळ लिहितो.

ऑपरेशननंतर साधारण आठवडा ते दहा दिवस लघवीची नळी असते. रोबोटचं असो की उघडं. नळी काढली की बहुतेकांना गळती होते. खोकलं, शिंकलं, बादली उचलली की गळतं. पॅड लावावं लागतं. बहुतेकांचं काही आठवड्यांत-महिन्यांत कमी होतं, काहींचं वर्षभर चालतं, आणि थोड्यांचं राहतं. माझं सात महिने चाललं. आजही जोरात शिंक आली तर दोन थेंब जातात. त्यासाठी ओटीपोटाच्या खालच्या स्नायूंचा व्यायाम असतो, वायू रोखताना जो स्नायू आवळतो तोच आवळायचा आणि सोडायचा. हा व्यायाम ऑपरेशनच्या आधीच शिकून सुरू करायचा असतो. मला एका फिजिओथेरपिस्ट ताईंनी शिकवला, आणि ऑपरेशनवर जितका खर्च झाला त्याच्या पासंगालाही त्यांची फी नव्हती. उपयोग मात्र रोज होतो.

दुसरं, ताठरपणा. नसा वाचवल्या तरी तो लगेच येत नाही, वर्ष-दोन वर्षं लागू शकतात, आणि पुष्कळांचा पूर्वीसारखा येत नाही. आजार नसांच्या जवळ असेल तर डॉक्टरांना नसा सोडता येत नाहीत, आणि सोडूही नयेत, कारण आधी कॅन्सर निघाला पाहिजे. वीर्य येत नाही, ते कायमचं. गोळ्या आहेत, इतर उपाय आहेत, पण हृदयाच्या दुखण्यासाठी नायट्रेटची गोळी चालू असेल तर त्या गोळ्या जिवावर बेततात, म्हणून मेडिकलवाल्याकडून परस्पर आणू नका. रोबोटने केलं म्हणून यातलं काही टळतं, असं नाही.

मी हे आधी विचारलं होतं, तेही सौ.ला शेजारी बसवून. डॉक्टर बोलत होते तेव्हा ती खाली बघत होती. बाहेर आल्यावर म्हणाली, ‘चाळीस वर्षं झाली आपल्या लग्नाला. तुम्ही समोर बसून चहा प्यायला पाहिजेत, बाकीचं बघू.’ आमच्यात हे बोलणं आधी झालं म्हणून नंतर चिडचिड झाली नाही. पण आपल्याच समाजातलं एक घर मला माहीत आहे. नवऱ्याने बायकोला काही सांगितलं नाही. ऑपरेशननंतर तो वेगळ्या खोलीत झोपायला लागला. तिला वाटलं, आजारपणात आपलं काही चुकलं म्हणून रागावलाय. गळतीचा वास येईल या भीतीने त्याने गणपतीच्या आरतीला येणं सोडलं, भाच्याच्या लग्नाला गेला नाही, गावी जायचं सोडलं, कारण गाडीत सात-आठ तास काढायचे कसे. दोन वर्षं दोघं एका घरात मुक्यासारखी राहिली. कॅन्सर बरा झाला होता, बरं का. पीएसए शून्याजवळ होता. फाइलवर ते ऑपरेशन यशस्वीच आहे.

मला राग येतो तो इथे. ऑपरेशनच्या आधी मी ज्या दोन-तीन ठिकाणी मत घ्यायला गेलो, त्यातल्या एका ठिकाणी समुपदेशनाच्या नावाखाली एका मुलीने मला वीस मिनिटं खोलीचे प्रकार आणि पॅकेज समजावलं. डीलक्स, सेमी-डीलक्स, रोबोटचे वेगळे. गळतीचं विचारलं तर म्हणाली, ‘काका, रोबोट आहे ना, तसं काही होत नाही.’ त्या पोरीचा दोष नाही, तिला जे शिकवलं ते ती बोलली. पण ते खरं नव्हतं, आणि मी तिथून उठलो.

आता चौथा प्रश्न. रोबोटने करू का, आणि पैसे?

रोबोट महाग का पडतो? मशीन कोट्यवधींचं, त्याची वार्षिक देखभाल, आणि आतली हत्यारं ठरावीक वेळाच वापरता येतात, मोजणी संपली की टाकून द्यायची. म्हणून बिलात ‘रोबोटचा चार्ज’ म्हणून वेगळी मोठी ओळ येते. मेडिक्लेम असेल तर ऐका. विमा नियामकाच्या २०१९ च्या नियमांनी रोबोटिक सर्जरी सरसकट नाकारता येत नाही, पण कंपनी त्यावर मर्यादा घालू शकते. पॉलिसी दहा लाखांची आणि रोबोटसाठी मर्यादा त्याच्या निम्मी, असंही असू शकतं. दाखल होण्याच्या आधी ही मर्यादा लेखी मागा. माझी रक्कम मुलाच्या कंपनीच्या पॉलिसीत बसली, आणि ज्या सर्जनवर माझा विश्वास बसला ते मुंबईत रोबोटवरच करत होते, म्हणून माझं रोबोटने झालं. क्रम लक्षात घ्या, आधी सर्जन, मग मशीन.

आयुष्मान कार्ड असेल तर गुजरातमध्ये २०२३ पासून कुटुंबाला वर्षाला दहा लाखांपर्यंतचं कवच आहे. सत्तरी पार केलेल्यांना २०२४ च्या ऑक्टोबरपासून उत्पन्न न बघता केंद्राचं पाच लाखांचं वय वंदना कार्ड मिळतं. हॉस्पिटलातल्या आयुष्मानच्या खिडकीवर आधी विचारा, या ऑपरेशनचं पॅकेज तुमच्याकडे आहे का, आणि रोबोटचे वरून वेगळे पैसे घेणार का. तोंडी ‘होईल, होईल’ वर जाऊ नका.

आणि ज्याच्याकडे यातलं काहीच नाही, त्याने रोबोटसाठी जमीन विकू नये, हे माझं ठाम मत आहे. अनुभवी हाताने केलेलं उघडं किंवा दुर्बिणीचं ऑपरेशन गरिबांचा दुय्यम उपचार नाही. अहमदाबादचं गुजरात कॅन्सर अँड रिसर्च इन्स्टिट्यूट आहे, सकाळची फ्लाइंग राणी पकडली तर दुपारपर्यंत टाटा मेमोरियलला पोचता येतं, आणि नडियादला तर १९७८ पासून खास मूत्रविकारांचंच मुळजीभाई पटेल हॉस्पिटल आहे. सुरतेतही हात चांगले आहेत, शोधले पाहिजेत. शिवाय खर्च ऑपरेशनवर संपत नाही. पॅड, दर काही महिन्यांनी पीएसए, आणि काहींना नंतर शेक लागतो. दोन एकर आधीच गेली तर तेव्हा काय विकायचं? साडूच्या व्याह्यांनी शेवटी दुसऱ्या ठिकाणी मत घेतलं. तिथे शेक आणि इंजेक्शन असा पर्याय निघाला, तोही कार्डावर. सातबारा अजून त्यांच्याच नावावर आहे.

डॉक्टरांकडे जाताना खिशात चिठ्ठी ठेवा. त्यावर हे लिहा:

१. माझा ग्लीसन किती, आजार ग्रंथीच्या आत आहे की बाहेर?
२. ऑपरेशन नाही केलं तर दुसरे पर्याय कोणते? शेक देणाऱ्या डॉक्टरांचं मत घेऊ का?
३. हे ऑपरेशन तुम्ही स्वतः आजवर किती केलीत? गेल्या वर्षी किती?
४. कन्सोलवर पूर्ण वेळ तुम्हीच बसणार का?
५. तुमच्या पेशंटपैकी वर्षानंतर किती जण पॅडशिवाय आहेत?
६. माझ्या नसा वाचवता येतील का? दोन्ही बाजूंच्या, एका बाजूच्या, की नाही?
७. मध्येच काही अडलं तर पोट उघडून पूर्ण करायची तुमची तयारी आणि सवय आहे का?
८. रोबोटचा चार्ज धरून एकूण खर्च लेखी द्याल का?

आणि एक स्वतःहून सांगा. काचबिंदू, हृदयाचं दुखणं, आधी झालेलं पोटाचं ऑपरेशन, रक्त पातळ करायची गोळी, यातलं काही असेल तर लपवू नका. रोबोटच्या ऑपरेशनमध्ये काही तास डोकं खाली आणि पाय वर असं झोपवतात, त्याचा डोळ्यांवर आणि हृदयावर ताण येतो.

चांगला डॉक्टर या प्रश्नांना चिडत नाही. माझे सर्जन पाचव्या प्रश्नावर हसले आणि म्हणाले, ‘मोजून ठेवलंय, दाखवतो.’ तिथेच माझा निर्णय झाला. जे चिडतील, तिथून नमस्कार करून उठायचं.

हॉस्पिटलांना माझी एकच मागणी आहे. रिंग रोडवरच्या फलकावर मशीनचा फोटो लावा, हरकत नाही. पण तुमच्या सर्जनची किती ऑपरेशनं झाली आणि त्यातली किती माणसं वर्षभराने कोरडी आहेत, हे आत आलेल्या पेशंटला छापील द्या. साडीवर सुद्धा आपण पन्ना आणि वजन विचारतो.

आपल्या मंडळांनाही सांगतो. गणेशोत्सवात आरोग्य शिबिर घेता, फार चांगलं. पण रांगेत उभं करून सरसकट पीएसए काढू नका. एक आकडा हातात देऊन माणसाला घरी पाठवलं तर तो रात्रभर झोपत नाही आणि सकाळी भलत्याच दारात जातो. पन्नाशीनंतर, आणि वडिलांना किंवा भावाला हा आजार झाला असेल तर त्याच्या आधी, डॉक्टरांशी बोलून तपासणी करावी. शिबिर घ्यायचंच तर समजावणारा डॉक्टर आधी बसवा, सुई नंतर.

ज्यांचं झालंय त्यांनी बोला, एवढीच विनंती. आपल्या वस्तीत कमीत कमी पाच-सहा जण असे आहेत, मला माहीत आहे, त्यांनाही माहीत आहे की मला माहीत आहे. नवीन पेशंटला शंभर जाहिरातींपेक्षा आपल्याच भाषेत बोलणारा, हे सगळं भोगून बसलेला एक माणूस जास्त उपयोगी पडतो. मला कोणी विचारलं तर मी फाइल घेऊन बसायला तयार आहे. येताना एकटे येऊ नका, वहिनींना सोबत आणा.